पाळीव पाणकासवांची अंगणातली तात्पुरती सोय: नागपूरकरांचे वारंवार येणारे प्रश्न

दिवाळीची रंगरंगोटी निघाली, की काचेची टाकी कुठे हलवायची हा प्रश्न येतो. थंडी पडली, की ऊन दाखवायचा येतो. मार्च संपता संपता घाबरलेल्या आवाजात तिसराच येतो: टबातलं पाणी तापलं, आता काय? खालची उत्तरं मुख्यतः रेड इअर्ड स्लायडर या कासवासाठी आहेत, कारण घराघरांत तेच असतं. बाहेरच्या देशांतली पुस्तकं आणि व्हिडिओ कासवाला थंडीपासून जपायला सांगतात. नागपुरात आधी जपायचं ते उन्हापासून. बाकी सगळं त्यानंतर.

१. तात्पुरती सोय म्हणजे किती दिवसांची?

काही तासांपासून साधारण दहा दिवसांपर्यंत. त्याहून जास्त दिवस लागणार असतील तर फिल्टर, पक्कं झाकण आणि रात्रीचा बंदोबस्त हवाच, आणि मग ती सोय तात्पुरती राहत नाही. रोज दोन-तीन तास ऊन दाखवण्यापुरतं हवं असेल तर मोठा टब पुरतो. विटांचं टाकं बांधायची गरज नाही.

२. आमचं कासव स्लायडरच आहे हे कसं ओळखावं? दुसरं निघालं तर?

डोळ्यामागे लाल पट्टा आणि पोटाच्या पिवळट कवचावर काळे डाग असले तर ते रेड इअर्ड स्लायडर. पट्टा वयानुसार फिका पडतो. म्हाताऱ्या नरांत तो जवळजवळ दिसतही नाही.

कवच चामड्यासारखं मऊ असेल, पाठीवर मधोमध उंच कणा असेल, किंवा काळ्या पाठीवर पिवळ्या चांदण्या असतील, तर ते भारतीय कासव असण्याची शक्यता मोठी आहे. भारतीय कासवांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चं संरक्षण आहे आणि ती घरात पाळता येत नाहीत. अशा वेळी वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा, किंवा सेमिनरी हिल्सवरच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरशी संपर्क करा. चांदण्यांचं तारा कासव जमिनीवरचं आहे. त्याला खोल पाण्यात ठेवलं तर ते बुडतं, हेही लक्षात असू द्या.

३. खिडकीतून भरपूर ऊन येते. मग बाहेर कशाला न्यायचं?

खिडकीची काच उन्हातला यूव्हीबी भाग (अतिनील किरणांचा एक प्रकार) अडवते. ऊब आत येते, यूव्हीबी येत नाही. कासवाच्या कातडीत ड जीवनसत्त्व तयार व्हायला तोच लागतो, आणि ड जीवनसत्त्वाशिवाय खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. कवच मऊ पडतं, कडा वर वळतात, पाय वाकडे होतात. काचेच्या टाकीसकट कासव उन्हात ठेवणं तर दुहेरी नुकसानीचं: यूव्हीबी मिळत नाही आणि टाकी भट्टीसारखी तापते. ॲक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेटची झाकणंही यूव्हीबी बऱ्याच अंशी अडवतात, म्हणून झाकण जाळीचंच हवं.

४. नागपुरात कोणत्या महिन्यात, किती वाजता बाहेर ठेवावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा मध्य हा सगळ्यात चांगला काळ. सकाळी साडेनऊ ते दुपारी साडेतीन, एका बाजूला सावली ठेवून. हवा कोवळी असते, ऊन मात्र कामाचं असतं.

फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चभर सकाळी आठ ते साडेदहा-अकरा. ऑक्टोबरच्या उकाड्यातही हीच वेळ.

एप्रिलपासून पाऊस लागेपर्यंत सकाळी साडेसहा ते आठ, बस. इतक्या सकाळच्या उन्हात यूव्हीबी फार नसतं, त्यामुळे या दोन-अडीच महिन्यांत घरातल्या यूव्हीबी दिव्यावरच भिस्त ठेवा. नवतपाच्या दिवसांत, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, उन्हात काढूच नका. २३ मे २०१३ ला शहरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती. अशा हवेत उथळ टबातल्या कासवाला वाचवायला अर्धा तासही हाती राहत नाही.

पावसाळ्यात उघडीप मिळेल तशी दोन-दोन तास. त्याबद्दल प्रश्न १८ पाहा.

५. टाकं किती मोठं पाहिजे? पाणी किती?

कवचाच्या लांबीच्या दर सेंटीमीटरला १५ लिटर पाणी, हा कायमच्या टाकीचा हिशेब. कवच १५ सेंटीमीटरचं असेल तर २२५ लिटर. आठ-दहा दिवसांसाठी याच्या निम्म्यावर भागतं, पण मग पाणी जास्त वेळा बदलावं लागतं. लिटर काढायला लांबी, रुंदी आणि पाण्याची खोली सेंटीमीटरमध्ये मोजा, गुणा आणि १,००० ने भागा.

खोली कवचाच्या लांबीपेक्षा कमी नको. "पिल्लू बुडेल" म्हणून लोक पाच सेंटीमीटर पाणी ठेवतात आणि तेच घातक ठरतं. उताणं पडलेलं कासव खोल पाण्यात सहज सरळ होतं. उथळ पाण्यात त्याला उलटायला जागा मिळत नाही आणि डोकं पाण्याखालीच राहतं. उथळ पाणी तापतंही झटकन (प्रश्न १०).

६. घरात टब, मुलांचा हवेचा पूल, निळा ड्रम आणि कूलरची जुनी टाकी आहे. यातलं काय चालते?

१५० ते २०० लिटरचा जाड प्लास्टिकचा गोल टब सगळ्यात सोयीचा. गोल असल्यामुळे कोपरा धरून चढता येत नाही. फिकट रंगाचा घ्या, काळा जास्त तापतो.

हवेचा पूल एक-दोन दिवसांपुरता आणि लहान कासवापुरता. मोठ्या मादीच्या नखांनी तो फाटतो, आणि हवा गेली की काठ खाली बसून कासव बाहेर. निळा ड्रम आडवा कापून छान टाकं होतं, पण आधी त्यात काय होतं हे खात्रीने माहीत असेल तरच. रसायनाचा ड्रम कितीही धुतला तरी घेऊ नका. कूलरची पत्र्याची टाकी नको: गंज, पत्र्याच्या धारदार कडा, वरून ऊन पडलं की चटका. सिमेंटची नवी नांद पाण्यात चुना सोडते. ती दोन-तीन आठवडे भरून ठेवा, पाणी बदलत राहा, आणि मगच वापरा.

७. विटा आणि ताडपत्रीचं टाकं कसं बांधायचं? आमचं मागच्या वेळी एका बाजूने फुटलं.

फुटतं याचं कारण बहुतेक वेळा एकच: भिंत अर्ध्या विटेची, म्हणजे साडेचार इंची असते. सिमेंटशिवाय रचलेली तेवढी भिंत ३० सेंटीमीटर पाण्याच्या रेट्यापुढे उलटायच्या अगदी बेतावर असते. कोणी काठावर हात टेकला की संपलं. नऊ इंची भिंत तेच पाणी निवांत पेलते.

आतून १५० बाय ९० सेंटीमीटरच्या टाक्याला लागणारं सामान: नेहमीच्या आकाराच्या २६० विटा (लाल किंवा फ्लाय ॲशच्या, दोन्ही चालतात), १२ बाय ९ फुटांची जाड ताडपत्री, बारीक रेती दोन-तीन घमेली, जुनी पोती किंवा चादरी, आणि लेव्हल पाहायला पाण्याची पारदर्शक नळी.

जमीन सपाट करा, खडे वेचून काढा आणि रेतीचा इंचभर थर पसरा. दोन टोकांच्या पातळीत एका सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक नको, नाहीतर पाणी एका बाजूच्या भिंतीला जास्त रेटतं. विटा आडव्या लावा, म्हणजे विटेचं लहान टोक पाण्याकडे येईल आणि भिंतीची जाडी विटेच्या लांबीएवढी होईल. एका थराला साधारण ५० विटा लागतात. वरच्या थराचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ देऊ नका. असे पाच थर रचले की उंची ३८ सेंटीमीटर होते.

आतून तळाला आणि भिंतींना पोती लावा. विटेची कड आणि नखांची धार यांच्यामध्ये ताडपत्री सापडते आणि तिथेच भोक पडतं. ताडपत्री सैल सोडा, ताणू नका. कोपरे कापायचे नाहीत, पाकिटासारखे दुमडायचे, आणि घडी भिंतीला चिकटून हवी. सैल घडीत लहान कासव शिरतं आणि अडकतं. आधी १० सेंटीमीटर पाणी भरा, ताडपत्री बसू द्या, मग काठावर पसरलेल्या भागावर उरलेल्या विटा ठेवा. त्यानंतर २८ सेंटीमीटरपर्यंत भरा. पाणी होतं सुमारे ३८० लिटर, आणि वर १० सेंटीमीटर काठ उरतो. एक रात्र तसंच राहू द्या. पातळी बोटभरही उतरली नाही तर दुसऱ्या दिवशी कासव सोडा.

रिकामं करताना पाऊण इंची पाइप पाण्याने भरून, दोन्ही टोकं बोटांनी दाबून सायफन लावा. तोंडाने ओढू नका, कारण प्रश्न २२ मध्ये आहे.

८. हेच टाकं गच्चीवर बांधलं तर?

विटांचं टाकं गच्चीवर नको. पाणी आणि विटा मिळून हजार किलोच्या वर जातात. वापरात असलेल्या गच्चीसाठी मानक भार चौरस मीटरला सुमारे १५० किलो धरतात. १५ सेंटीमीटर पाण्याचंच वजन तेवढं भरतं. गच्चीच वापरायची असेल तर एकच टब ठेवा, तोही खालच्या भिंतीवर किंवा तुळईवर येईल असा. कठड्याच्या नळाचं तोंड जाळीने बंद करा. कासव त्यातून सरळ खाली जातं.

बाल्कनी असेल तर दिशा पाहा. हिवाळ्यात दक्षिणेच्या बाल्कनीत भरपूर ऊन येतं, उत्तरेच्या बाल्कनीत थेट ऊन येतच नाही. उन्हाळ्याच्या सकाळी पूर्वेची बरी.

९. नळाचं पाणी सरळ भरलं तर चालते का? बोअरचं?

नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने कासव दगावत नाही, पण डोळे चुरचुरतात आणि फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मरतात. उघड्या भांड्यात एक दिवस ठेवलं की बरंचसं क्लोरीन उडतं. बोअरचं पाणी जड असेल तर कवचावर पांढरा थर धरतो. तो दिसायला वाईट, पण धोक्याचा नाही. मऊ ब्रशने निघतो.

खरी काळजी तापमानाची. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीतून दुपारी येणारं पाणी हाताला सोसत नाही. भरायचं ते पहाटे.

१०. सकाळी थंड पाणी भरलं तरी दुपारपर्यंत गरम होऊन जाते. काय करावं?

स्लायडरला २४ ते २८ अंशांचं पाणी मानवतं. ३२ च्या वर गेलं की त्याला आत हलवा. ३५ च्या वर जिवाला धोका आहे. हात बुडवून अंदाज घेऊ नका. तरंगता थर्मामीटर स्वस्त असतो, तो आणा.

पाणी किती लवकर तापतं हे खोलीवर अवलंबून आहे. डोक्यावरच्या स्वच्छ उन्हात १० सेंटीमीटर खोल पाणी तासाला ६ ते ७ अंश चढू शकतं, ३० सेंटीमीटर खोल पाणी दोन-अडीच. म्हणजे २७ अंशांवर भरलेला उथळ टब तासाभरात धोक्याच्या रेषेजवळ जातो. खोल टाक्यात तुम्हाला दोन तास जास्त मिळतात. कासव पळून सावलीत जाऊ शकलं तर ते स्वतःला सांभाळतं. टबात सगळीकडे ऊन असेल तर जायला जागाच नसते, आणि बहुतेक मृत्यू असेच होतात: सकाळी अर्धा टब सावलीत होता, सूर्य सरकला, घरचे कामात होते.

म्हणून पहिला उपाय सावलीचा. टब ठेवायच्या आदल्या दिवशी दर तासाला त्या जागेवर सावली कुठे आहे ते खडूने आखून ठेवा.

दुसरा, पाणी वाढवणं. खोली दुप्पट केली की तापण्याचा वेग निम्मा होतो.

तिसरा, आपल्या कोरड्या उन्हाळ्याचा फायदा घेणं. टबाच्या बाहेरून ओलं पोतं गुंडाळा आणि ते ओलं ठेवा. माठ ज्या कारणाने गार राहतो त्याच कारणाने टबही राहतो. पाण्याचा पृष्ठभाग मोकळा ठेवून एअर स्टोन (पंपाची हवा बुडबुड्यांनी सोडणारा सच्छिद्र दगड) सोडला की बाष्पीभवन आणखी वाढतं, आणि सावलीतलं पाणी हवेपेक्षा कितीतरी गार राहतं. टबावर प्लास्टिकचा कागद झाकलात तर हे सगळं थांबतं आणि वाफ आत कोंडते. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत मात्र ओल्या पोत्याचा फारसा उपयोग नाही.

बर्फाच्या बाटल्यांबद्दल फार विचारणा होते. एक लिटर बर्फाची बंद बाटली १०० लिटर पाण्याचं तापमान जेमतेम एका अंशाने उतरवते. मोकळा बर्फ टाकला तर त्याच्याजवळच्या पाण्याला अचानक गारठा येतो, बाकीचं तापलेलंच राहतं. त्यापेक्षा एक तृतीयांश पाणी काढून पहाटेच भरून सावलीत ठेवलेलं पाणी घाला.

आणि टब सिमेंटच्या अंगणावर थेट ठेवू नका. दिवसभर तापलेली फरशी संध्याकाळनंतरही खालून उष्णता देत राहते. खाली विटा आणि पोतं असू द्या.

११. हिरवी नेट किती टक्क्यांची घ्यावी?

७५ टक्के सावलीची, आणि दोन तृतीयांश भागावरच. नेट ऊन अडवते तशी यूव्हीबीही अडवते, म्हणून सगळं झाकलं तर बाहेर आणण्याचा हेतूच फसतो. ती पाण्यापासून तीन फुटांवर तरी बांधा, म्हणजे खाली हवा खेळते. पाणवनस्पतींची सावलीही चांगली, पण तलावातून आणलेल्या वनस्पतींबरोबर जळवा आणि गोगलगाई येतात.

१२. बसायला काय ठेवावं?

विटांचा ढीग आणि त्यावर एक खडबडीत फरशी, पूर्ण अंग कोरडं होईल एवढी. चढाचा उतार ३० अंशांपेक्षा जास्त नको. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात, तिथे काथ्याची चटई बांधा. थर्माकोल अजिबात नको, कासव ते कुरतडून खातं आणि आतडं बंद होतं. ढीग हलत नाही ना, हे हाताने जोर लावून पाहा. सरकलेल्या विटेखाली कासव अडकलं तर श्वासाला वर येऊ शकत नाही. बसायच्या जागेवर तळहाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवता आली नाही तर ती कासवालाही जास्तच आहे.

१३. इतक्या उंच काठावरून कासव बाहेर गेलंच कसं?

ते चढतं. मागच्या पायांवर उभं राहून काठाला नखं अडकवतं, आणि दोन कासवं असतील तर एकाच्या पाठीवरून दुसरं जातं. बसायची जागा काठाला चिकटून असली तर तीच पायरी होते. ती मधोमध ठेवा. काठावर आतल्या बाजूला १५ सेंटीमीटर पुढे येईल अशी फळी लावा, नाहीतर सरळ जाळीचं झाकण करा (प्रश्न १४).

जमिनीवर कुंपण केलं असेल तर ते आरपार दिसणारं नको. बाहेरचं दिसलं की कासव तिथेच दिवसभर धडका देतं आणि नाक सोलून घेतं. खालून उकरू नये म्हणून कुंपण २० सेंटीमीटर जमिनीत गाडा. पळालेलं कासव आधी जवळच्या ओल्या, अंधाऱ्या कोपऱ्यांत शोधा: कुंड्यांमागे, कूलरच्या स्टँडखाली, मोरीच्या तोंडाशी.

१४. कावळे आणि मांजरांचा त्रास आहे. जाळी कोणती?

अर्ध्या इंचाची वेल्ड मेश, लाकडी पट्ट्यांच्या चौकटीवर ठोकलेली, आणि काठाला तारेने बांधलेली. पिल्लांना कावळे आणि घारी उचलतात. मुंगूस आणि घूस मोठ्या कासवाचेही पाय तोडतात, तेही रात्री. मच्छरदाणीच्या कापडाने यातलं काही थांबत नाही. मोकाट कुत्री चौकट उलथवतात, म्हणून वर विटांचं वजन हवंच. जाळी असली तरी रात्री आणि घराला कुलूप असताना कासव बाहेर नको.

१५. कूलरचा पंप लावून पाणी फिरवलं तर?

पाणी फिरतं, पण पंप स्वस्त असेल आणि वायरचा जोड उघडा असेल तर पाण्यात करंट उतरतो. अर्थिंग असलेला प्लग आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असेल तरच लावा. वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन न्या, म्हणजे ओघळणारं पाणी सॉकेटपर्यंत जात नाही. पाण्यात हात घालायच्या आधी प्लग काढा, दर वेळी. फिल्टर म्हणून पंपाच्या तोंडाला जाड स्पंज बांधा. नुसता पंप घाण बारीक करून सगळीकडे पसरवतो.

१६. खायला कधी द्यायचं, आणि पाणी कितीदा बदलायचं?

शक्यतो वेगळ्या घमेल्यात खायला द्या आणि अर्ध्या तासाने परत ठेवा. पाणी निम्म्या वेगाने खराब होतं. फिल्टर नसेल तर रोज एक तृतीयांश ते अर्धं पाणी बदला. पोळी, भात, दूध, ब्रेड नको. कासवाच्या खाद्याच्या गोळ्या, शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर, भोपळा चालतं. काढलेलं पाणी झाडांना उत्तम, पण कच्ची खायची कोथिंबीर किंवा पालक त्यावर वाढवू नका.

१७. कासव अचानक वेड्यासारखं पोहत आहे, तोंडाला फेस आहे. काय करू?

हा उष्माघात असू शकतो. आधी वेगाने पोहणं आणि चढायची धडपड, मग तोंड उघडं, लाळ किंवा फेस, आणि शेवटी हातपाय सैल. लगेच सावलीत घ्या आणि २६ ते २८ अंशांच्या पाण्यात ठेवा, डोकं पाण्याबाहेर राहील एवढ्याच खोलीत. इथे उथळ पाणीच बरोबर, कारण अशक्त कासव बुडतं. बर्फ नको, फ्रिजचं पाणी नको. सावरल्यासारखं वाटलं तरी त्याच दिवशी पशुवैद्यांना दाखवा. आतल्या अवयवांची इजा एक-दोन दिवसांनी दिसते. सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे.

१८. पावसाळ्यात टाकं उघडं राहिलं तर?

१०० मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर १० सेंटीमीटर पाणी. प्रश्न ७ मधल्या टाक्याचा उरलेला काठ तेवढाच आहे. २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटेच्या काही तासांत नागपुरात त्याहून जास्त पाऊस झाला होता. टाकं भरून वाहिलं की कासव त्याबरोबर नालीत जातं. टबाला काठाखाली आठ सेंटीमीटरवर एक इंची भोक पाडून त्याला जाळी लावा. ताडपत्रीच्या टाक्यात भोक पाडता येत नाही, म्हणून ढग भरून आले की कासव आत घ्या. पावसाळ्यात बेडूक जमतात आणि बेडकांमागे साप येतात. सकाळी हात घालण्याआधी टॉर्चने पाहून घ्या.

१९. हिवाळ्यात रात्रभर बाहेर ठेवलं तर ते आपोआप झोपी जाते म्हणतात. खरं का?

नका ठेवू. नागपुरात डिसेंबर-जानेवारीत रात्री एक आकडी तापमान येतं. २९ डिसेंबर २०१८ ला तर ३.५ अंश होतं. पण दुपारी पुन्हा पंचविशी गाठली जाते. ही ना झोपायची थंडी, ना जागं राहायची ऊब. पाणी २० च्या खाली गेलं की पचन मंदावतं आणि पोटातलं अन्न सडतं. त्यातून सर्दी, पुढे न्यूमोनिया. कासव एका बाजूला कलून पोहू लागलं किंवा नाकातून बुडबुडे आले तर ते आजारी आहे. दुपारी चारपर्यंत आत घ्या.

२०. शेजाऱ्यांचं कासव चार दिवस आमच्या टाक्यात ठेवू का?

नको. आजार लपून येतात, आणि दोन अनोळखी कासवांत चावाचावी होते, विशेषतः लहान जागेत. वेगळा टब द्या. भांडी आणि जाळीही वेगळी.

२१. मादी जेवत नाही, सारखी कोपरे उकरत आहे. पळायला पाहून राहिली का?

अंडी असू शकतात. नर नसला तरी मोठी मादी अंडी धरते. पाण्याला लागून एक टब ठेवा, त्यात २५ सेंटीमीटर खोल ओलसर रेती-माती, मुठीत दाबली तर गोळा होईल अशी. तिथे तिला एकटं सोडा, दुरून लक्ष ठेवा. अशा वेळी तिला दिवसभराची मोकळीक द्यावी लागते, पण प्रश्न ४ मधली उन्हाची मर्यादा तिलाही लागू आहे. दोन-तीन दिवस उकरूनही अंडी घातली नाहीत आणि ती मलूल झाली, तर अंडी अडकली असू शकतात. एक्स-रे करून घ्या.

२२. मुलं टाक्यात हात घालतात. काही धोका?

आहे. निरोगी दिसणारं कासवही साल्मोनेला (जुलाब-तापाचे जिवाणू) पसरवू शकतं. अमेरिकेत याच कारणाने १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आहे. हात लावल्यावर साबणाने २० सेकंद धुवा. टब आणि फिल्टर स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बाई आणि घरातली म्हातारी माणसं यांना त्या पाण्यापासून दूर ठेवा. शिवाय अंगणातलं फूटभर पाणी रांगत्या मुलाला बुडवायला पुरेसं असतं. झाकण दोघांसाठीही हवं.

२३. पाण्यात डासांच्या अळ्या झाल्या. औषध टाकू का?

अळीनाशक, रॉकेल, जळकं तेल, काहीही नको. कासव काही अळ्या खातं, सगळ्या नाही. अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात, म्हणून दर पाचव्या-सहाव्या दिवशी टब पूर्ण रिकामा करून घासा आणि वाळवा. धुरळणीची गाडी गल्लीत आली की कासव आत आणि पाण्यावर झाकण.

२४. कासव फार मोठं झालं. फुटाळ्यात किंवा अंबाझरीत सोडून दिलं तर सुखी नाही का राहणार?

ते जगेल, म्हणूनच सोडायचं नाही. स्लायडर अमेरिकेतलं आहे. इथल्या तलावात ते स्थानिक कासवांची ऊन खायची जागा आणि खाणं बळकावतं, शिवाय आजार नेतं. पाळणारं दुसरं घर शोधा, किंवा पशुवैद्यांकडे आणि वन विभागाकडे विचारा.

२५. रंगकाम झालं. कासव परत घरात आणताना काय बघायचं?

रंगाचा आणि टर्पेंटाइनचा वास पूर्ण गेल्याशिवाय आणू नका. बाहेरचं आणि टाकीतलं पाणी यांत तीन अंशांपेक्षा जास्त फरक नको. मांड्यांच्या आणि मानेच्या घडीत जळवा आहेत का पाहा, कवचाला मऊ ब्रश मारा.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते फिल्टरमध्ये. टाकी रिकामी केल्यावर फिल्टर धुऊन कोरडा ठेवतात. त्यात कासवाची घाण पचवणारे जिवाणू असतात, ते मरतात. मग चकचकीत टाकीत चार दिवसांत अमोनिया वाढतो, कासवाचे डोळे सुजतात, आणि दोष बाहेरच्या पाण्याला मिळतो. बाहेर असताना तोच फिल्टर बाहेरच्या टबात चालू ठेवा. ते जमत नसेल तर त्याचा स्पंज त्याच टबाच्या पाण्याने भरलेल्या बादलीत, एअर स्टोन लावून, सावलीत ठेवा.